अण्णांची वही: फिरता पंप, फिरतं इंजिन आणि एक बेअरिंग

गंगावेशीचा (धागाकर्ता)

मंडळी, मी इंजिनिअर नाही. आयुष्य पतसंस्थेत खतावण्या जुळवण्यात गेलं, तेव्हा काही शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

माझे वडील, अण्णा, उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ आणि एक शेपर घेऊन चाळीसेक वर्षं बसले. ऑइल इंजिनाच्या बुशा, पंपाचे शाफ्ट, जे येईल ते काम. दोन वर्षांपूर्वी ते गेले. परवा माळा आवरताना पत्र्याची पेटी सापडली. आत तीन लांबड्या वह्या, उधारीच्या असतात तसल्या लाल कापडी पाठीच्या. शिवाय मेणकागदात गुंडाळलेलं एक जड धूड. उघडलं तर पिवळ्या धातूचा डबा, आत फिरणारा लोखंडी गोळा, त्याला चार खाचा आणि खाचांत तपकिरी पट्ट्या.

पहिल्या वहीत हाच पंप आहे. मापं अशी: बोअर ४ इंच, रोटर ३ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सेंटर अडीच सूत बाजूला, रुंदी अडीच इंच, पाती २ सूत जाड. दुसऱ्या वहीत तीन कोनांचा रोटर असलेलं इंजिन, १९८१ ची तारीख घातलेली. तिसरीत बेअरिंग: मोठ्या रोलरांच्या मधे बारके रोलर. काही पानांवर फक्त हिशेब आणि "दूध २ लि." वगैरे.

आई सांगते, यातलं एक ड्रॉइंग अण्णांनी एका कारखानदाराला दाखवायला दिलं होतं. ते परत आलं नाही, आणि अण्णांनीही मागितलं नाही. त्यानंतर त्यांनी वही कुणाला दाखवली नाही, मलाही नाही.

यात नवीन काही आहे का? आणि पेटंट वगैरे होतं का? पंपाच्या पानाचा फोटो जोडला आहे.

---

खवट

तीन कोनांचा रोटर म्हणजे वँकेल इंजिन. १९८१ पर्यंत मोटारीत बसून, जगभर फिरून जुनं झालेलं. पात्यांचा पंप त्याहून जुना. रामेल्ली नावाच्या इटालियन माणसानं १५८८ च्या पुस्तकात असले पंप काढलेत, शिवाजी महाराजांच्या जन्माआधी बेचाळीस वर्षं. वडिलांबद्दल आदर आहेच, पण 'शोध' हा शब्द जपून वापरावा.

---

कलम_तीन

धागाकर्ते, सगळ्यात आधी तो फोटो काढा. आत्ता. बाकीचं नंतर बोलू.

---

गंगावेशीचा

काढला. का ते सांगा आता.

---

कलम_तीन

अर्ज करण्याआधी गोष्ट लोकांसमोर आली की तिचं नावीन्य संपतं. सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेतला निबंध अशा थोड्या प्रकारांना बारा महिन्यांची सूट आहे, धाग्यावरच्या फोटोला नाही. आधी तात्पुरतं स्पेसिफिकेशन (शोधाचं लेखी वर्णन) दाखल करायचं आणि बारा महिन्यांत पूर्ण द्यायचं. एकट्या माणसाला ऑनलाइन दाखल करायची सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीची वेगळी. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या कचेरीत चालतं.

शोध लावणारा हयात नसला तरी त्याचा कायदेशीर वारस अर्ज करू शकतो, तशी तरतूद कायद्याच्या ६ व्या कलमात आहे. म्हणजे तुमचा मार्ग बंद नाही. पण खवट यांचं म्हणणं तिखट असलं तरी खरं आहे. 'पात्यांचा पंप' म्हणून काही मिळणार नाही. आत एखादी बारकी गोष्ट अण्णांची स्वतःची असेल तर तेवढीच.

(माझ्या नावाचा खुलासा: पेटंट कायद्याचं कलम ३(अ). निसर्गनियमांच्या विरुद्ध शोधाला पेटंट नाही. वर्षाला एकतरी माणूस न थांबणारं चाक घेऊन येतोच.)

---

त्रिकोण

वँकेलचा विषय निघाला आणि मी गप्प बसलो असं व्हायचं नाही. पुण्यात राहतो, मूळचा राजारामपुरीचा.

फेलिक्स वँकेलनं पहिलं पेटंट १९२९ ला घेतलं आणि इंजिन प्रत्यक्ष फिरलं ते १९५७ च्या फेब्रुवारीत, एनएसयू कंपनीत. मधे अठ्ठावीस वर्षं. आणि हा गडी स्वतः गाडी चालवत नव्हता, लायसनच नव्हतं! त्याच्या पहिल्या इंजिनात रोटरबरोबर बाहेरचं घरही फिरायचं. प्लग बदलायचा तर अख्खं इंजिन खोलायचं. पाश्के नावाच्या तिथल्याच इंजिनिअरनं घर स्थिर ठेवून ते साधं केलं. आज आपण जे वँकेल म्हणतो ते हे.

घराचा आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा, कमरेत किंचित आवळलेला. रोटरचा एक फेरा झाला की शाफ्टचे तीन होतात. व्हॉल्व्ह नाहीत, पुढंमागं आपटणारा पिस्टन नाही. कागदावर इतकं देखणं यंत्र दुसरं नाही. अडलं सगळं रोटरच्या तीन टोकांवर. तिथं एकेक बारीक पट्टी असते, तिनं भिंतीला चिकटून राहायचं. वेग वाढला की ती पट्टी थरथरते आणि भिंतीवर आडव्या लाटा उठवते. माझदा या जपानी मोटार कंपनीचे लोक त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. तिथल्या यामामोतोंच्या हाताखाली ४७ इंजिनिअर त्या ओरखड्यांच्या मागं लागले होते. १९६७ च्या त्यांच्या कॉस्मो गाडीत कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या तेव्हा कुठं जमलं. त्याच वर्षी एनएसयूनं आरओ ८० ही गाडी आणली. तिची इंजिनं वॉरंटीत इतकी परत आली की दोन वर्षांत कंपनी दुसऱ्यांच्या पदरात गेली. माझदानं मात्र १९९१ ला ल मान्सची चोवीस तासांची शर्यत चार रोटरवर जिंकली.

सगळा खेळ त्या पट्टीचा. गंगावेशीचा, तुमच्या डब्याच्या आत बोट फिरवून बघा, कुठं ओरखडे लागतात का?

---

एरंडेल

फिरत्या इंजिनात आमचाही मान आहे. पहिल्या महायुद्धातल्या नोम इंजिनात शाफ्ट विमानाला पक्का आणि सिलिंडर गरागरा फिरायचे. वंगण म्हणून एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. ते जळकं एरंडेल पायलटच्या तोंडावर उडायचं. पुढचं पोटाचं काय व्हायचं ते सांगायची गरज नाही.

---

लेथ_नंबर_३

मी बी उद्यमनगरातलाच. तुमच्या अण्णांना वळखत असीन, पण नाव विचारत न्हाई, हितं नको.

खवटराव, ते १५८८ चं ऱ्हाऊ दे. पुस्तकात असणं येगळं आणि चार इंच बोअरमदी चार पाती बिनअडकता फिरवणं येगळं. आमच्या टायमाला पुस्तक कुणाकडं हुतं? इंजिन खोलायचं, मापं घ्यायची, पॅटर्न करायचा, भट्टीतनं वतून आणायचं. पयलं फसायचं. दुसरं बी फसायचं. तिसऱ्याला कळायचं त्या कंपनीनं तिथं ती गोलाई का दिलीया.

गंगावेशीचा, तीन गोष्टी बगून सांगा. पाती कशाची हायत? पात्याच्या टोकाला उतार हाय का? आणि ढापणाच्या आतल्या अंगाला काय खाच हाय का?

---

गंगावेशीचा

काल रात्री जेवणं झाल्यावर कागद पसरून बसलो. जुनं ग्रीस डिंकासारखं झालं होतं, रॉकेलमध्ये भिजवून काढलं.

पाती लाकूड नाहीत, लोखंडही नाहीत. कापडाचे थर दिसतात. टोकाला एका बाजूनं उतार आहे. पेटीत ढापणं तीन निघाली. एक शाफ्टच्या बाजूचं, आणि समोरच्या बाजूला बसतील अशी दोन. त्यातलं एक साधं सपाट. दुसऱ्याच्या आत चंद्रकोरीसारखी खाच, साधारण नखभर खोल. मला वाटलं हत्यार घसरलं असेल.

आणि त्रिकोण, तुम्ही म्हणता ते आहे. बोअरच्या एका अंगाला, टिचभर जागेत, आडव्या रेघा. डोळ्याला नीट दिसत नाहीत, नख फिरवलं की टकटक लागतात.

वहीत सपाट ढापणाखाली पेन्सिलीनं लिहिलंय: "आवाज. पाती अडकते. खाली पाणी कोंडते." पुढचं पान कोरं. त्याच्या पुढच्या पानावर चंद्रकोर.

---

लेथ_नंबर_३

बगा! हत्यार घसरलं म्हनं.

पाती हायलमची हायत, म्हंजे राळेत दाबलेलं कापड. आता आईका. पात्याला खाचेत आतबाहेर व्हायचं असतंय. पाती आत जाताना तिच्या बुडाखालचं पाणी जाणार कुठं? वाट न्हाई म्हटल्यावर ते कोंडतंय आणि पाती बोअरवर आपटती. बाहेर येताना उलटं, बुडाखाली पोकळी हुती आणि पाती मागं ऱ्हाती. म्हणून ढापणाला खाच काढून ती डिलिव्हरीच्या अंगाला जोडायची. कोंडलेलं पाणी निघून जातंय आणि दाबाचं पाणी बुडाखाली येऊन पातीला बाहेर रेटून धरतंय. तुमच्या अण्णांनी पयल्या ढापणावर ओरखडे खाल्ले आणि दुसऱ्यावर विलाज केला. कुणी शिकवलं न्हाई, आवाज ऐकून केला.

---

खवट

ही गोष्ट मान्य. अशी खाच कारखान्यात बनणाऱ्या पंपांतही असते, म्हणजे नवीन नाही. पण स्वतःच्या डोक्यानं तिथवर पोचणं सोपं नाही. आधीच्या प्रतिसादातला सूर मागे घेतो.

---

काहिलीकाठचा

आमचं गुऱ्हाळ आहे, पन्हाळ्याच्या वाटेवर. हा पंप विहिरीवर चालेल का? आणि काकवी ओढेल का? काहिलीतून काकवी काढायला आम्ही अजून बादल्याच वापरतो.

---

गव्हाण

मी साखर कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, म्हणून या दोन्हीवर बोलते.

विहिरीवर नको. गाळ-वाळू असलेल्या पाण्यात पाती एका हंगामात झिजतील. तिथं साधा सेंट्रिफ्यूगलच बरा, त्याच्यात घासणारं फारसं काही नसतं. आणि 'ओढणं' कुठल्याच पंपाला जमत नाही. पंप पोकळी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ती फार तर १०.३ मीटर ढकलेल, कोल्हापूरच्या उंचीला साडेनऊच्या थोडं वर. पाइपातलं घर्षण धरून हातात सहा-सात मीटर उरतात. चांगला पंप आणला तर दहा मीटर ओढेल असं सांगून माझ्या मामाला एकानं दोनदा पंप विकलाय.

घट्ट पदार्थाला मात्र हीच जात लागते. सेंट्रिफ्यूगल मळीत नुसता घुसळतो. कारखान्यात मळीला गिअर पंप नाहीतर लोबचे पंप असतात. त्यात दर फेऱ्याला ठरलेलं माप पुढं सरकतं. अण्णांच्या मापांवरून हिशेब केला: दोनदा रुंदी, गुणिले सेंटरचा फरक, गुणिले बोअरचा परीघ वजा चार पात्यांची जाडी. म्हणजे २ × ६३.५ × ७.९४ × २९४ मिलिमीटर, साधारण ०.३ लिटर दर फेऱ्याला. २०० फेऱ्यांना मिनिटाला ५९-६० लिटर. मोटर सरळ जोडून १४४० फेऱ्यांवर पळवू नका. घट्ट पदार्थ तितक्या लवकर आत शिरतच नाही, पंप उपाशी फिरतो.

दोन गोष्टी मात्र जपा. डिलिव्हरीचा कॉक बंद करून सेंट्रिफ्यूगल थोडा वेळ चालतो. हा नाही चालायचा. पाइप फुटेल नाहीतर मोटर जळेल, म्हणून जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. आणि काहिलीकाठचा, तुमच्यासाठी: पिवळी बॉडी गनमेटलची असणार. बऱ्याच गनमेटलमध्ये शिसं असतं, नेहमीच्या एका मिश्रणात शेकडा ५ च्या आसपास. गरम, आंबूस काकवी त्याच्यातून नेऊ नका. खायच्या वस्तूला स्टेनलेसच.

---

काहिलीकाठचा

बरं झालं विचारलं. बादल्याच बऱ्या मग.

---

शिरोली_फेटलर

धागा वाचून आमच्या फाउंड्रीतला हवेवरचा हँड ग्राइंडर खोलला. आत हेच! बाजूला सरकवलेला रोटर, खाचांत पाती. कास्टिंगची कड मारताना रोज आठ तास हातात असतो आणि आत काय आहे ते मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. याला मोटर म्हणायचं की पंप?

---

त्रिकोण

फिरवला तर पंप, हवेनं फिरला तर मोटर. यंत्र तेच, काम उलटं. हवेची गळती परवडते, कारण कॉम्प्रेसर मागून ढकलतच असतो. पेट्रोलच्या इंजिनात तीच गळती म्हणजे गेलेली ताकद.

---

गंगावेशीचा

पहिल्या वहीच्या शेवटी एक ओळ आहे, "उलटा - हवेवर - ग्राइंडर प्रमाणे". मला वाटलं होतं कुणाची तरी ऑर्डर.

गव्हाणताई, बेअरिंगबद्दलही सांगाल का? मोठ्या दोन रोलरांमधे एक बारका, असं सगळीकडून. जाळी नाही.

---

गव्हाण

ही वही मला सगळ्यात आवडली.

शेजारचे दोन रोलर एकाच दिशेनं फिरतात. मग ते एकमेकांना टेकतात तिथं एकाचा पृष्ठभाग वर चाललेला आणि दुसऱ्याचा खाली. घासणार नाहीत तर काय? म्हणून मधे जाळी घालून त्यांना लांब ठेवतात. जाळीचा हा विचार जुना आहे, हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनं अठराव्या शतकात, जहाजावरच्या घड्याळांसाठी केला होता. अण्णांनी जाळीऐवजी मधे बारका रोलर घातला. तो उलटा फिरतो, म्हणजे दोन्हीकडं नुसतं लोळणं, घासणं नाही. हाही विचार जुनाच आहे. अडचण अशी की बारक्याला वर-खाली पकडून ठेवायला काही नाही. जोर आला की तो फटीतून निसटायला बघणार. वहीत त्याला बाजूनं कड दिलीय का?

बेअरिंगमध्ये खरा पैसा बारीक निरीक्षणाला मिळतो. स्वीडनमध्ये विंगक्विस्ट नावाचा माणूस कापड गिरणीत होता. जमीन चिकणमातीची, इमारत खचायची, शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग जायची. १९०७ ला त्यानं स्वतःहून सरळ होणारं, दोन रांगांचं बॉल बेअरिंग काढलं आणि त्यावर एसकेएफ ही बेअरिंग कंपनी उभी राहिली. आपल्या काळ्या मातीत पंपाचा चौथरा दर पावसाळ्यात कलतो, त्याचं निरीक्षण आपण शिव्या देऊन संपवतो.

जाता जाता: ६३०५ नंबरचं बेअरिंग घेताना (२५ मिलिमीटरचं भोक, ६२ बाहेरून, १७ रुंद) कडेवरचा आकडा अंगठ्यानं घासून बघा. एका दुकानातून घाईत घेतलेल्या बेअरिंगचा आकडा माझ्या रुमालावर उतरला होता. दुकानदार म्हणाला, ताई, आता उघडलेला माल परत नाही. आणि बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा राहतं. बेल्ट कचकचून ताणणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

---

गंगावेशीचा

कड दिलेली नाही. पण शेवटच्या चित्रावर बारक्या रोलरला काट मारून बाजूला "निसटतो" एवढंच लिहिलंय. वही तिथं संपते.

---

कलम_तीन

मग माझं मत सांगतो, फी न घेता. पंप, इंजिन, बेअरिंग, तिन्ही आधी होऊन गेलेले आहेत. अर्ज करण्यात अर्थ नाही. फोटो परत लावा खुशाल.

---

गंगावेशीचा

लावले, सगळी पानं. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली त्यांनी कधी विकायला केलंच नव्हतं, रात्री झोप येत नसली की करायचे.

काल रविवारी भाच्याच्या गॅरेजमध्ये पंप फिरवला. चंद्रकोरीचं ढापण, जुनी अर्ध्या एचपीची मोटर, दोन टप्प्यांत पुली लावून २०० फेऱ्यांच्या आसपास. रिलीफ व्हॉल्व्ह नाही म्हणून डिलिव्हरीला कॉकच बसवला नाही. बॅरलमधलं जळकं इंजिन ऑइल २० लिटरच्या बादलीत सोडलं. पहिला मिनिटभर नुसती फुसफुस, मग एक ढेकर, आणि पाइपातून मनगटाएवढी काळी धार. बादली २३ सेकंदांत भरली. नंतर पाण्यावर लावला, तर ४१ सेकंद. शिवाय आत टिकटिक. पंप तोच, फेरे तेच, मग पाण्याला इतका फरक का?

---

गव्हाण

तेलावर मिनिटाला ५२ लिटर आले, म्हणजे हिशेबाच्या शेकडा ८८. पाण्यावर २९, निम्म्याच्या आत-बाहेर. पाणी पातळ, ते पात्याच्या टोकाखालून आणि ढापणाच्या फटीतून मागं पळतं. तेलाला त्या फटीतून जायला वेळ लागतो. चाळीस वर्षं पडून राहिलेल्या यंत्राला ८८ म्हणजे फर्स्ट क्लास.

---

लेथ_नंबर_३

टिकटिक येती म्हंजे पाती नीट टेकत न्हाईत. पात्याचा उतार फिरायच्या दिशेला पुढं ठेवलाय का मागं?

---

गंगावेशीचा

पुढं. वहीत पात्यावर बाण आहे, पण तो फिरायच्या दिशेचा असेल म्हणून तिकडं लक्ष दिलं नाही.

---

लेथ_नंबर_३

बाण पात्याचाच आसणार. उतार पुढं असला की डिलिव्हरीचा दाब त्या उतारावर बसतोय आणि पातीला आत ढकलतोय. खालनं खाच रेटती, वरनं उतार दाबतोय, पाती बिचारी मधी नाचती. उतार मागं घ्या, धार पुढं. चारी पाती पलटा आणि पाण्यावर परत मोजा.

---

गंगावेशीचा

पलटली. ३३ सेकंद. टिकटिक गेली.